उणे ३८४ नॅनोमीटर

माझी पीएच.डी. न दिसणाऱ्या वस्तूत आहे. अध्यात्माशी तिचा काही संबंध नाही, भौतिकशास्त्राशी आहे. काचेच्या पट्टीवर टिन ऑक्साइडचा, म्हणजे कल्हईतल्या कथिलाच्या ऑक्साइडचा, अर्धा मायक्रॉन जाडीचा लेप चढवायचा. तो इतका पारदर्शक हवा की काच कोरीच वाटावी आणि इतका वाहक हवा की त्यातून वीज खुशाल जावी. मेख अशी की काम जमलं तर काहीच दिसत नाही, आणि काही दिसलं तर समजायचं की जमलेलं नाही.

आमचे थोरले काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. दिवाळीला मी मोठ्या हौसेने एक पट्टी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती ट्यूबलाइटसमोर धरली, तिरकी करून बघितली, चष्मा काढून बघितली, चष्मा लावून बघितली.

"कुठाय?"

"काय?"

"तू केलेलं."

"हातात आहे की तुमच्या."

"ही काच झाली. तू काय केलंस?"

मी सांगायला लागलो. काही सौरघटांच्या पुढच्या काचेवर असा लेप लागतो, उजेड आत येतो आणि वीज बाहेर नेता येते. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या काचांवर बर्फ धरू नये म्हणून असाच लेप देऊन त्यातून प्रवाह सोडत, काच गरम राहायची. काकांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. ज्या माणसाने आयुष्यभर मातीची धरणं बांधली, त्याला अर्धा मायक्रॉन म्हणजे हिशेबातली चूक. शेवटी मी म्हटलं, बाटल्यांच्या कारखान्यात साच्यातून गरमागरम बाटली बाहेर पडली की तिच्यावरही टिन ऑक्साइडचा अगदी पातळ हात फिरवतात, पुढे ओरखडे कमी पडतात.

"कसल्या बाटल्या?"

"कसल्याही. बिअरच्यासुद्धा."

काकांनी पट्टी पुन्हा एकदा बघितली, या खेपेला जरा आदराने.

लेप चढवायच्या पद्धतीचं नाव भारदस्त आहे: स्प्रे पायरोलिसिस. तापलेल्या काचेवर क्षाराचं द्रावण फवारायचं, पाणी उडून जातं, क्षाराचं विघटन होतं आणि ऑक्साइड काचेला चिकटतं. चेंबरलिन आणि स्कारमन या दोघांनी १९६६ साली कॅडमियम सल्फाइडचे पापुद्रे असे करून दाखवले आणि तिथून ही पद्धत जगभर पसरली. महाराष्ट्रात तर ती घरचीच झाली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या प्रा. पी. एस. पाटील यांचा १९९९चा आढावा-लेख या धंद्यातल्या पोरांना गुरुचरित्राच्या जागी असतो. आमच्याकडे त्याची झेरॉक्स होती आणि तिच्यावर चहाचे डाग होते. पद्धत लोकप्रिय व्हायला शास्त्रीय कारणं पुष्कळ आहेत. मुख्य कारण असं की स्पटरिंगचं निर्वात यंत्र लाखांच्या घरात जातं, आणि फवारा मात्र विभागातल्या जुन्या सामानातून उभा राहतो.

आमचा तसाच उभा राहिला होता. खाली बिडाची जाड तबकडी, तिच्या पोटात हीटर. वर काचेचं नोझल, ते शहरातल्या एका काचफुंक्याने उदबत्तीच्या धुरात बसून करून दिलेलं. नोझल डावी-उजवीकडे फिरवायला गाडीच्या वायपरची मोटर. हवेला टायरवाल्याकडचा सेकंडहँड कॉम्प्रेसर. हा सगळा संसार एका लाकडी कपाटात, आणि कपाटाला धूर ओढणारा पंखा. पंखा हवाच होता, कारण स्टॅनिक क्लोराइड तापलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतं. हेच स्टॅनिक क्लोराइड, पाणी नसलेल्या रूपातलं, पहिल्या महायुद्धात धुरासाठी तोफगोळ्यांत भरत असत, हे मला पुढे वाचनात सापडलं. आधी सापडलं असतं तर विषय बदलला असता. आमच्या खोलीत वस्तू लोखंडाची आहे की नाही हे कळायला लोहचुंबक लागत नसे. महिनाभर ठेवली की कळायचं. पंखा पहिला गेला, मग खिडकीचे गज, मग माझ्या सायकलची किल्ली.

हे क्लोराइड बाटलीतून काढणं हीसुद्धा एक कला आहे. ते हवेतली ओल इतक्या अधाशीपणे पितं की पावसाळ्यात तराजूवर ठेवावं तर वजनाचा आकडा आपल्या डोळ्यांदेखत चढत जातो. आपण चमच्याने थोडं कमी करावं, तो पुन्हा चढतो. जुलैमध्ये माझं द्रावण नक्की किती मोलर होतं, हे त्या बाटलीला आणि परमेश्वराला माहीत. प्रबंधात मात्र ०.१ आहे.

काच धुवायची ती क्रोमिक आम्लात. माझ्या मार्गदर्शक सरांचा नियम असा की पट्टीवरून पाणी ओतलं तर ते सबंध चादरीसारखं ओघळलं पाहिजे, कुठे थेंब अडकला की तिथे तेल आहे, धू परत. मी धुवायचो. काचेवरचं तेल जायचं, पँटही जायची. क्रोमिक आम्लाचं वैशिष्ट्य असं की ते सांडलं तेव्हा काही दिसत नाही. दोन धुण्यांनंतर मांडीवर मोहरीएवढी भोकं उमटतात. फाटक्या जीन्सची फॅशन यायच्या आधी मी ती केली होती, पण त्याचं श्रेय कुणी दिलं नाही.

मग फवारणी. घावन घालताना तव्यावर पाण्याचा शिपका मारून आई जे बघते, तेच इथे ४५० ते ५०० अंशांच्या दरम्यान बघायचं असतं. तबकडी थंड असली तर थेंब ओलाच काचेवर आपटतो आणि डाग पडतो. फार तापलेली असली तर थेंब काचेपर्यंत पोचायच्या आधी हवेतच त्याचं ऑक्साइड होतं आणि काचेवर नुसती पांढरी भुकटी बसते, बोटाने पुसली की गेली. या दोन्हींच्या मधे एक अरुंद पट्टा आहे, जिथे वाफ काचेला लागता लागता पापुद्रा धरते. व्हिग्ये आणि स्पिट्झ या दोघांनी १९७५ साली याचे चार प्रकार व्यवस्थित वर्णन करून ठेवलेत. मी चारही स्वतःच्या हाताने करून बघितले. हव्या त्या प्रकारापाशी सगळ्यात शेवटी पोचलो. शिवाय प्रत्येक फवाऱ्यागणिक तबकडी थोडी निवते, म्हणून मधे थांबत थांबत फवारायचं. ते दिवस भारनियमनाचे. मी फवारे देताना थांबत असे आणि वीज जाताना थांबत नसे.

पहिला लेप ज्या दिवशी नीट चिकटला, त्या दिवशी काचेवर रंग उतरले होते. कडेला जांभळा, मग हिरवा, मधे गुलाबी. मी हरखलो. हे व्यतीकरणाचे रंग. साबणाच्या फुग्यावर आणि पेट्रोल सांडलेल्या ओल्या रस्त्यावर दिसतात तेच. लेपाच्या वरून परतलेला उजेड आणि खालून परतलेला उजेड एकमेकांत मिसळतात, जाडीप्रमाणे कुठला रंग उठतो, कुठला मरतो. सरांनी पट्टी बघितली आणि टेबलावर ठेवली.

"रंग छान आहेत, सर."

"रंग म्हणजे जाडी ठिकठिकाणी वेगळी. म्हणजे तुझं नोझल वाकडं आहे."

मी म्हटलं, सर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतले कारखाने गरम काचेवर धातूंच्या क्षारांचे फवारे मारून मुद्दाम असे रंग आणायचे. कार्निव्हल ग्लास म्हणतात त्याला. लोक जमवतात अजून.

"मग कार्निव्हलला जा," सर म्हणाले.

ती पट्टी मी घरी नेली. आईने ती शोकेसमध्ये पंढरपूरहून आणलेल्या विठोबाशेजारी ठेवली. माझ्या सगळ्या संशोधनातली घरच्यांना दिसलेली ती एकमेव वस्तू, आणि ती नापास झालेली.

नोझल सरळ केलं, रंग गेले, आणि खरी पंचाईत सुरू झाली. आता लेप आहे हे सिद्ध करायचं होतं. जाडी मोजायची श्रीमंती यंत्रं आमच्याकडे नव्हती. गरिबाची पद्धत म्हणजे वजन. कोरी काच तोला, लेप चढवा, परत तोला. फरकाला क्षेत्रफळाने आणि घनतेने भागा, जाडी आली. हिशेब सोपा आहे. पट्टी ७५ बाय २५ मिलिमीटरची, टिन ऑक्साइडची घनता ६.९५, लेप ५०० नॅनोमीटर. तर वजन वाढणार साधारण साडेसहा मिलिग्रॅम. तांदळाचा दाणा वीसेक मिलिग्रॅमचा असतो. म्हणजे मला तांदळाच्या दाण्याचा तिसरा हिस्सा सबंध काचेवर सारखा पसरून तो तोलून दाखवायचा होता. तराजूच्या खोलीत पंखा बंद, दारं बंद, श्वास बेतानेच. मी तोललं, भागाकार केला, उत्तर आलं उणे ३८४ नॅनोमीटर.

परत भागाकार केला. उत्तर तेच. चिन्हही तेच.

वहीत ते तसंच लिहिलं, कारण संशोधकाने प्रामाणिक असावं असं शिकवलेलं होतं. सरांनी आकडा वाचला. चष्मा कपाळावर नेला.

"म्हणजे लेप दिल्यावर काच पातळ झाली."

"हो सर."

"पेटंट घे. भिंगवाले शोधत असतील तुला."

पट्टीचा कोपरा चिमट्यात धरताना उडालेला होता. दोन घन मिलिमीटर काचेची कपची म्हणजे पाच मिलिग्रॅम. माझा लेप किती होता कुणास ठाऊक, पण जो काही होता तो चिमट्याने सव्याज वसूल केला होता.

यापेक्षाही लाजिरवाणा प्रश्न म्हणजे लेप कुठल्या बाजूला आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, लावणाऱ्याला हे माहीत नसेल तर कुणाला असणार? पण तबकडीवरून गरम पट्ट्या उतरवल्या, ताटलीत ठेवल्या, ताटली हिंदकळली, की संपलं. दोन्ही बाजू सारख्याच नितळ. मी मार्करने खूण केली. ती ४७५ अंशांना जळून गेली. मग हिऱ्याच्या टोकाने मागच्या बाजूला आकडा कोरला आणि पट्टी आकडा वर करून तबकडीवर ठेवली, कारण आकडा दिसायला नको का? सगळ्यात खात्रीचा उपाय मल्टिमीटर. दोन्ही टोकं काचेवर टेकवायची, आकडा आला तर लेपाची बाजू, अनंत आला तर उलटी. मल्टिमीटर घेऊन काचेला नाडी बघितल्यासारखी टोकं लावत बसलेला माणूस बाहेरून जाणाऱ्यांना कसा दिसत असेल, याचा विचार मी टाळत असे.

एका सिनियरने सांगितलं, रसायनच्या लोकांकडे अतिनील दिवा असतो, त्याखाली टिनची बाजू दुधाळ चमकते. मी धावत गेलो. त्या दिवसांत अनुदान आलं नव्हतं म्हणून मायक्रोस्कोपच्या पट्ट्यांऐवजी काचवाल्याकडच्या कातरणी वापरत होतो. २५४ नॅनोमीटरच्या उजेडात पट्टी धरली, आणि खरोखर एक बाजू चमकली. मल्टिमीटर म्हणाला, लेप दुसऱ्या बाजूला आहे. मग कोरी कातरण धरली, तीही चमकली. जिथे मी कथील लावलंच नव्हतं तिथे कथील सापडत होतं. काचवाल्याच्या दुकानापर्यंत माझा फवारा पोचला की काय, अशी शंका मला प्रामाणिकपणे आली. खुलासा असा की हल्लीची खिडकीची काच वितळलेल्या कथिलावर तरंगवूनच सपाट करतात. अॅलस्टर पिल्किंग्टन यांची ही रीत १९५९ साली जाहीर झाली. तरंगताना खालच्या बाजूला थोडं कथील शिरतं आणि तेच चमकतं. म्हणजे मी महिनोन्महिने जे करू बघत होतो, ते काचवाला चौरस फुटाच्या भावाने विकत होता. विजेपुरतं ते निरुपयोगी, एवढंच समाधान.

पण हे सगळं किरकोळ. खरी गोष्ट मिठाची.

आमचे नमुने क्ष-किरणांच्या तपासणीला दुसऱ्या शहरात जायचे आणि आलेख ई-मेलने यायचे. टिन ऑक्साइडचे उंचवटे कुठे यायला हवेत हे कार्डावर लिहिलेलं असतं. कार्ड क्रमांक ४१-१४४५, उंचवटे २६.६, ३३.९, ३७.९, ५१.८ अंशांना. हे कार्ड मला पाठ होतं. माझ्या आलेखात ते सगळे होते, आणि त्याशिवाय ३१.७ला एक अणकुचीदार उंचवटा होता, ४५.४ला त्याचा धाकटा भाऊ. कार्डावर यांचं नाव नाही. टिन मोनॉक्साइड बघितलं, बसत नाही. निव्वळ कथील बघितलं, बसत नाही. कथिलाची जितकी ऑक्साइडं माणसाला ठाऊक आहेत त्या सगळ्यांच्या कुंडल्या जुळवल्या. मग हळूहळू, रात्री साडेअकराच्या सुमाराला, माझ्या मनात तो विचार आला जो कुठल्याही शहाण्या माणसाने झोपून घालवला असता: हे नवीनच काहीतरी आहे.

पुढचे दिवस फार सुखाचे गेले. नव्या रूपाला नाव काय द्यावं? गावाचं द्यावं तर जगाला उच्चारता येणार नाही. सरांचं द्यावं तर सर लाजतील, निदान लाजल्यासारखं करतील. स्वतःचं मी सुचवणार नव्हतो, पण कुणी आग्रह केला असता तर फार ताणलंही नसतं. सरांनी आलेख बघून "हं" केलं. सरांच्या "हं"चा अर्थ "मला शंका आहे" असा असतो हे विभागात सर्वांना माहीत होतं. मला मात्र त्यात दडलेला आनंद ऐकू आला.

विभागाच्या सेमिनारला मी उभा राहिलो. स्लाइडवर तो उंचवटा लाल बाणाने दाखवला होता. बाण मी हलता ठेवला होता. बोलणं संपल्यावर रसायनच्या मॅडमनी हात वर केला. वय झालेल्या, आवाज मऊ.

"काच कसली वापरतोस?"

"सोडा-लाइम, मॅडम."

"सोड्यात काय असतं?"

"सोडियम."

"आणि द्रावणात?"

"क्लोराइड."

पहिल्या रांगेतली दोन माणसं हसली. मला अजून उमगलेलं नव्हतं. मी बाणाकडे बोट दाखवून उभाच.

"सोडियम आणि क्लोराइड मिळून काय होतं?" मॅडमनी विचारलं. "घाई नाही. आठवीचं आहे."

कार्ड क्रमांक ०५-०६२८. सोडियम क्लोराइड. ३१.७ आणि ४५.४, दशांशासकट. तापलेल्या काचेतलं सोडियम वर सरकतं, फवाऱ्यातल्या क्लोरिनला भेटतं आणि लेपात मिठाचे बारीक स्फटिक धरतात. ही गोष्ट काच कारखान्यांना इतक्या जुन्या काळापासून माहीत आहे की ते आधी काचेवर सिलिकाचा थर देऊन सोडियमची वाटच बंद करतात. मॅडमनी नमुना नळाखाली धरायला सांगितलं. परत आलेख मागवला. ३१.७ अंशाला सपाट मैदान होतं. जगातलं एक नवं ऑक्साइड विभागाच्या बेसिनमधून वाहून गेलं होतं.

त्यानंतर कॅंटीनमध्ये मी आमटीत मीठ कमी आहे असं म्हणायचं बंद केलं, कारण टेबलावरचे सगळे जण एका सुरात म्हणायचे, "काच चाट."

बाकीच्या चाचण्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. प्रकाशशोषणावरून ऊर्जा-अंतर काढायचं तर एक आलेख काढून त्याच्या सरळ भागाला पट्टी लावतात आणि ती जिथे अक्षाला छेदते ते उत्तर. टिन ऑक्साइडचं साधारण ३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट यावं लागतं. सरळ भाग कुठला, हे पट्टी धरणाऱ्यावर असतं, आणि ३.६ यावं लागतं हे त्याला आधीच माहीत असतं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या चित्रांत आमच्या शाखेतल्या लोकांना कायम मंडई दिसते: फ्लॉवर, भुईमूग, गव्हाच्या लोंब्या. मलाही फ्लॉवर दिसला. तसं लिहिलं, छापून आलं.

सिलिकाचा थर देऊन केलेल्या पट्ट्या मात्र खरोखर देखण्या झाल्या, म्हणजे अजिबात दिसेनाशा झाल्या. ऐंशी टक्के उजेड आरपार. चार टोकांचा प्रोब लावायचा, व्होल्टेज भागिले प्रवाह, गुणिले ४.५३, रोध आला पंधरा ओहम प्रति चौरस. ही बातमी मी काकांना फोनवर दिली. "चौरस काय?" काका म्हणाले. "फूट की मीटर?" मी सांगितलं, कुठलाही; एकसारख्या लेपाच्या चौरसाचा रोध त्याच्या आकारावर अवलंबून नसतो. फोनवर बराच वेळ शांतता होती. मग म्हणाले, "असं मोजमाप आम्ही दाखवलं असतं तर चौकशी लागली असती."

त्या पट्ट्या मी डब्यात घालून टेबलावर ठेवल्या आणि गावाकडे लग्नाला गेलो. परत आलो तर टेबल लख्ख. डबा नाही. प्रयोगशाळेतले मामा दारातच भेटले.

"मामा, इथल्या काचा?"

"त्या व्हय? बॉटनीवाल्यांचं प्रॅक्टिकल होतं. स्लाइडी कमी पडल्या त्यांना. तुमच्या कोऱ्याच पडून होत्या, दिल्या की."

"कोऱ्या नव्हत्या!"

"मी उजेडात धरून बघितल्या सर," मामा दुखावले गेले. "एक डाग नव्हता. तरी म्हटलं पुसून द्याव्यात."

माझ्या कामाला मिळालेलं हे सर्वोच्च प्रशस्तिपत्रक. पण त्या वेळी ते समजून घ्यायची माझी मनःस्थिती नव्हती. मल्टिमीटर उचलला आणि वनस्पतिशास्त्र विभागाकडे पळालो. प्रॅक्टिकल ऐन रंगात होतं. चाळीसएक मुलंमुली मायक्रोस्कोपला डोळे लावून बसलेली, प्रत्येकाच्या पट्टीवर कांद्याचा पापुद्रा, त्यावर लाल रंगाचा थेंब, वर झाकणकाच. तिथल्या बाईंना काय सांगावं सुचेना. "यातल्या काही काचांतून वीज जाते," असं मी म्हणालो, आणि बाई अर्धा पाऊल मागे सरकल्या.

मी पहिल्या बाकापासून सुरुवात केली. पट्टीची मोकळी कड बघायची, दोन टोकं टेकवायची. अनंत. पुढची. अनंत. पुढची उलटी करून. अनंत. तिसऱ्या बाकावर आकडा उमटला. तिथली मुलगी माझ्याकडे, मल्टिमीटरकडे आणि आपल्या पट्टीकडे आळीपाळीने बघत होती. मी पट्टी हळूच उचलायला गेलो तर तिने ती दोन्ही हातांनी धरली.

"सर, माझी आकृती व्हायचीय अजून," ती म्हणाली. "आणि करंट कांद्याला आहे की काचेला?"